उपवास माझा, ताट रेवाचे

६ नोव्हेंबर
आहारतज्ज्ञांकडे रेवाबरोबर मी गेले. नीलिमाला, म्हणजे सूनबाईंना, ऑफिसातून निघता आले नाही. आहारतज्ज्ञ फरहाना. आईवडील मिरजेचे, ही फरीदाबादेत वाढलेली. मराठीत हिंदी सैल हाताने मिसळते. रेवाला वजनकाट्यावर, आकड्याकडे पाठ करून उभे केले. आकडा तिला सांगितला नाही, मलाही नाही. मग स्वतःचा डबा उघडून जेवू लागली आणि रेवाशी तिच्या मांजराविषयी बोलत राहिली. रेवापुढे पोळीभाजी. जेमतेम चार घास. "आज के लिए बहुत है," फरहाना म्हणाली.
नातीला सतरावे वर्ष. हृदयाचे ठोके मंदावले आहेत, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आहे. चार घासांनी काय सिद्ध होते?

८ नोव्हेंबर, संकष्टी
माझा उपवास. सकाळी रेवाने पोहे नाकारले. तिचे एकेक कारण घेतले आणि खोडले. भूक नाही: वैद्यकीय पुरावा विरुद्ध. पोट दुखते: ते न खाल्ल्यामुळेच. शेवटी म्हणाली, "बरोबर आहे तुझं, आजी." जिंकले असे वाटले. मग माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून, "तू नाही खाल्लंस तर नियम. मी नाही खाल्लं तर आजार. फरक सांग ना."
आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. फरक आहे. पोह्यांची बशी उचलून आत नेली.
संध्याकाळचे दूधही तिने परत पाठवले.

९ नोव्हेंबर
आज रेवाने नाश्ताही केला नाही. अभय, माझा मुलगा, माझ्यावर कधी चिडत नाही. आज: "आई, तिला हरवायचं नव्हतं गं."

१४ नोव्हेंबर
फरहानाला फोन. सारे क्रमाने सांगितले. तिने मध्ये तोडले नाही. म्हटले, दोष माझा, तो एकदा निश्चित करा. हसली. "आजी, ही कचहरी थोडीच आहे? तुमच्या उपवासानं तिला आजार नाही झाला. आजाराला त्याच्या आड लपता येतं, बस इतकंच."
ना निर्दोष, ना शिक्षा. मला दोन्हींपैकी एक हवे होते.
उपवास सोडू का, विचारले. "स्वतःला सोडावासा वाटला तर सोडा. तिच्यावर उपकार म्हणून बिल्कुल नको. तो उपकार तिच्याच ताटात पडेल, मग बिचारीला तोही गिळावा लागेल."

२३ नोव्हेंबर
शेजारच्या बाई दारातच रेवाला म्हणाल्या, "वाह, कितनी स्लिम हो गई! हमें भी बताओ." रेवाच्या चेहऱ्यावर आनंद. त्यांना फटकारणार होते. पण हेच मी अधिक चांगल्या शब्दांत म्हणत आले आहे. संयम. निग्रह. मन ताब्यात असणे. बाई निदान उघड तरी बोलल्या.
दुपारी रेवा जेवली, थोडे. मी वाद घातला नाही. ते बरोबर होते की भित्रेपणा, ठाऊक नाही.

७ डिसेंबर, संकष्टी
देवाविषयी माझे मत नेहमीच अनिर्णित. नियमाविषयी कधीच नव्हते. दुपारी पान वाढून घेतले. वरणभात. रेवा समोर, तिचे ताट तसेच.
"आजी, आज संकष्टी ना?"
"हो."
"मग?"
तीन उत्तरे तयार होती, तिन्ही निर्दोष. "भूक लागली," म्हटले. ते खरे नव्हते. दुसऱ्या घासाला खरे झाले.
"माझ्यासाठी नाटक करतेयस."
"असेल."
तिने तुपाची वाटी माझ्याकडे ढकलली. "मग तूप घे की. कोरडं काय खातेस!"
ही परीक्षा होती. चमचाभर घेतले. वाटी तिने परत जागेवर ठेवली नाही. दोघींच्या ताटांमध्ये ठेवली आणि वाटीकडे पाहत बसली.
हे खोलीत येऊन लिहिते आहे. ती अजून टेबलाशीच आहे, नीलिमा तिच्याजवळ आहे. खाल्ले का, हे विचारायला जायचे नाही.