खंडोबापुढची तिसरी चिठ्ठी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : साखराबाई भ्र. रखमाजी शिंगाडे, वय ७१, धंदा शेती व मेंढ्या, राहणार गाढेवस्ती, तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना.

वर नाव लिहिलेली मी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने किंवा लालचीने नव्हे तर राजीखुशीने, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी टाईप करून आणलेला कागद मी परत पाठवला. त्याची पहिलीच ओळ होती, 'जन्म आणि मृत्यू परमेश्वराच्या इच्छेने घडतात.' साहेब म्हणाले, मावशी, ही ओळ सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते. मी म्हटलं, सगळ्यांनी आपापलं पाहावं. माझ्या सहीच्या वर जे असेल ते मला पटलेलं पाहिजे. मला पटलेलं एवढंच आहे की मी एक दिवस मरणार आणि तो दिवस मला माहीत नाही. बाकी मजकूर खालीलप्रमाणे.

कलम १. माझी माणसं. थोरला मुलगा हरिओम जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे. धाकटा करण, त्याचं तीर्थपुरीत खत-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी वर्षाराणी, तिचं सासर मोडलं तशी लेकीला घेऊन माझ्याकडे आली आणि तेव्हापासून शेत आणि मेंढ्या तीच बघते. तिची लेक आकांक्षा अकरावीला सायन्स शिकते. मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझा भाऊ राधेश्याम, ज्याला मी दादा म्हणते, तो वारस नाही, पण या कागदात त्याचंच नाव जास्त येईल. आमचे बांधाला बांध लागून आहेत आणि आमचं आयुष्यभर एकच भांडण चाललं आहे. हे जग देवानं आखून केलं की आपोआप झालं, हे ते भांडण. दादा देवाच्या बाजूनं, मी विरुद्ध. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांना उद्योग नाही. उद्योग भरपूर आहे, पण या भांडणाच्या मुळाशी जमीन आहे, म्हणून ते इथं लिहिणं भाग आहे.

कलम २. मी सात वर्षांची असताना आमचे वडील आसाराम यांनी जिवंतपणीच दोन्ही मुलांची वाटणी केली, कारण सुनांचं पटेना. विहिरीचं काळं रान हा एक हिस्सा आणि वरचा मुरमाड माळ हा दुसरा. कोणाला काय जायचं हे माणसानं ठरवायचं नाही, देवापुढं चिठ्ठ्या टाकायच्या, अशी आमच्याकडची रीत. घरात अक्षर दादाचं चांगलं, म्हणून चिठ्ठ्या त्यानं लिहिल्या. एकीवर स्वतःचं नाव, दुसरीवर धाकट्या रामरावचं. दोन्हींना भंडारा लावून आईच्या पितळी तांब्यात टाकल्या आणि तांब्या खंडोबाच्या ठाण्यापुढं ठेवला. चिठ्ठी उचलायची ती लहान लेकरानं, कारण लेकराचा हात म्हणजे देवाचा हात. घरात लेकरू मी एकटीच. मला न्हाऊ घालून नवा परकर नेसवला. वडिलांनी विचारलं, विहिरीचं रान कोणाचं? मी तांब्यात हात घातला, दादाचं नाव निघालं. सगळ्यांनी भंडारा उधळला, आईनं मला गुळाचा खडा दिला. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढे मालक गेले आणि मी तीन लेकरं घेऊन माहेरी आले. दादाला म्हटलं, मला थोडं रान दे. दादा म्हणाला, "साखरे, मी न्हाई म्हणून न्हाई राह्यलो. देवानं दोनच हिस्से केल्ते. देवाचं मोडायला मी कोण?" खोटं कशाला बोलू, त्यानं राहायला जागा दिली, ज्वारी दिली, माझ्या लेकरांना एक दिवस उपाशी झोपू दिलं नाही. पण जमीन दिली नाही. मी म्हटलं, "दादा, देव कुठला त्यात? हात माझा व्हता." भांडण तिथून सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

कलम ३. जमीन. रामराव माळ टाकून शहरात गेला तेव्हा तो चार एकर माळ मी मेंढ्या विकून रीतसर खरेदी केला. खरेदीखत माझ्या नावाचं आहे, पैसा माझा आहे, त्यात वडिलोपार्जित काडी नाही. म्हणजे तो कोणाला द्यायचा हे ठरवायला मला भावकीची परवानगी लागत नाही आणि खंडोबाचीही लागत नाही.

त्या माळावर मी बोअर घेतले. पहिला कोरडा गेला, दुसरा कोरडा गेला, तिसऱ्याला पाणी लागलं. दादा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "पाह्य, देव हाये का न्हाई?" मी म्हटलं, "मंग पहिल्या दोघांच्या वेळंला कुठं गेल्ता?" पेढे खाल्ले. पाणी बघून रडले सुद्धा, ते कोणाचे आभार मानावेत म्हणून नव्हे, तर आता माळ पिकेल म्हणून.

हा माळ, बोअर, मोटार, पाइप आणि वर्षाराणीनं डोक्यावर पाणी वाहून जगवलेली मोसंबीची झाडं, हे सगळं मी माझी मुलगी वर्षाराणी हिला देते. तिला एकटीला. सातबाऱ्यावर तिचंच नाव लागावं.

कलम ४. हरिओम आणि करण यांना राग येईल. यावा. हरिओमला जालन्याचा प्लॉट मी घेऊन दिला, करणचं दुकान माझ्या मेंढ्यांवर उभं राहिलं. ते मी परत मागत नाही, पण हाच त्यांचा हिस्सा होता हे त्यांनी समजून घ्यावं. मागच्या दिवाळीत दोघं ओसरीवर बसून ठरवत होते आणि मी आत भाकरी करत होते. हरिओम म्हणाला, "मामा म्हणतो तसंच करू. मायच्या माघारी देवापुढं चिठ्ठ्या टाकू. कोणाला बोलायला जागा न्हाई राहत." मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आले. विचारलं, "चिठ्ठ्या किती टाकणार?" तो म्हणाला, "दोन." मी म्हटलं, "आणि वर्षाची?" करण म्हणाला, "माय, पोरींची कधी टाकत्यात का? तिचा खर्चा आम्ही बघू ना."

वर्षा तिथंच दावणीपाशी उभी होती. मेंढ्यांना पाला टाकत राहिली. मला सात वर्षांची मी आठवले, नवा परकर नेसलेली. हे मृत्युपत्र मी त्या दिवशीच मनात लिहिलं, कागदावर आज उतरवते आहे.

कलम ५. राहतं घर वर्षाराणीचं. भाऊ सणावाराला आले तर त्यांना राहू द्यावं, गोडाधोडाचं करावं. मेंढ्यांचे तीन सारखे वाटे करावेत. त्यातली कानतुटकी मेंढी ज्याच्या वाट्याला जाईल त्यानं तिला विकू नये, ती फार गुणी आहे. बँकेत जे असेल ते आकांक्षाच्या शिक्षणाला.

कलम ६. माझ्या माघारचे विधी. पोरांना करायचे तर करावेत, मी काही उठून बघायला येणार नाही. मात्र तेराव्याला प्रवचन ठेवलं आणि बोलणारा म्हणाला की साखराबाईचं जाणं ही देवाची योजना होती, तर त्याला आधी विचारावं की साखराबाईच्या मालकाला पस्तिशीत नेलं ती कोणाची योजना होती. उत्तर दिलं तर जेवू घालावं. उत्तर नाही दिलं तरी घालावं, पण ताटात पुरणपोळी एकच.

कलम ७. दादाबद्दल. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. दादाच साक्षीदार हवा म्हणून त्याला काही देत नाही. पण त्याचं म्हणणं इथं नोंदवून ठेवते, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलं. दादा म्हणतो, "सूर्य बराबर टायमावर उगवून राह्यला. मोसंबीच्या बीमधून मोसंबीच निघून राह्यली. बिनमालकाचा कारभार असा चालतो का?" मी म्हणते, टायमावर तर तुझा सालगडी येत नाही आणि त्याला तर मालक आहे. मध्ये आकांक्षानं सांगितलं की शास्त्रज्ञांच्या मते सगळं विश्व सुईच्या टोकाहून बारीक अशा ठिकाणातून फुगत आलं. दादानं लगेच विचारलं, "ते बारीक कोणी ठेवलं?" मी विचारलं, "ठेवणाऱ्याला कोणी ठेवलं?" पोरगी हसत सुटली. म्हणाली, मोठमोठ्या विद्यापीठांत पण गाडी इथंच अडकली आहे.

गारपिटीच्या वर्षी गारा माझ्या मेंढरांच्या वाड्यावर पडल्या आणि माझ्या निम्म्या मेंढ्या मेल्या. बांधापलीकडे दादाच्या बागेचं पान हललं नाही. दादा म्हणाला, "देवानं राखलं." मी म्हटलं, "मंग माझ्या कोणी मारल्या?" दादा त्यावर उठून गेला तो चार दिवस बांधाकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी एक गाभण मेंढी माझ्या दारात बांधलेली दिसली. कोणी बांधली ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. माझ्या भावावर माझा जीव आहे. हे तोंडानं कधी म्हणाले नाही, म्हणून इथं लिहिते.

पण दादा, एवढी वर्षं आपण चुकीचं भांडलो. माझा हात तांब्यात गेला तेव्हा त्यात देव होता की योगायोग, यावर आपण घसा कोरडा केला. तांब्यात माझ्या नावाची चिठ्ठीच नव्हती. देव असता तरी त्याला ती काढता आली नसती आणि योगायोग असता तरी त्याला सापडली नसती. चिठ्ठ्या माणसांनी लिहिल्या आणि मग सगळे वर बघत बसले. तू लबाडी केलीस असं मी म्हणत नाही. तिसरी लिहायची असते हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आता सांगते आहे.

कलम ८. आईचा तो पितळी तांब्या माझ्याकडे आहे. माहेरून मला मिळालेली ती एकच वस्तू. तो आकांक्षाला द्यावा, तिनं त्यात पाणी प्यावं. त्याआधी तो एकदाच दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी आहे. ती अशी.

कलम ९. हा कागद वाचूनही माझे मुलगे किंवा भावकी म्हणाली की असं चालत नाही, देवापुढं चिठ्ठ्या पडल्याच पाहिजेत, तर माझी हरकत नाही. टाकाव्यात. खंडोबापुढंच टाकाव्यात, भंडारा लावून, याच तांब्यात, सगळ्या गावाला बोलावून. दोन टाकाव्यात की वीस, ज्याची त्यानं हौस करावी. फक्त चिठ्ठ्या राधेश्याम दादानं लिहायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर वर्षाराणी हेच नाव लिहायचं. मग कोणत्याही लेकराला हात घालू द्या. देव असेल तर देवानं उचलावी, नसेल तर आपोआप निघावी. मला दोन्ही मंजूर आहे.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र आहे. यात खाडाखोड नाही. एका ठिकाणी शाई फुटली आहे, तो पेनाचा दोष.

सही : साखराबाई रखमाजी शिंगाडे
ठिकाण : गाढेवस्ती, तीर्थपुरी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार १ : डॉ. तृप्ती लहाने, तीर्थपुरी. मी बाईंना तपासले. प्रकृती वयाच्या मानाने उत्तम, बुद्धी तल्लख. तपासताना त्यांनी मलाच विचारले की हृदय कोण चालवतं. माझ्यासमोर त्यांनी सही केली.

साक्षीदार २ : राधेश्याम पि. आसाराम गाढे, वय ८३, राहणार सदर. साखरानं माझ्यासमोर सही केली. सगळा मजकूर तिनं मला दोनदा वाचून दाखवला, कलम सात तीनदा. देव आहे, हे माझं म्हणणं कायम आहे. कलम नऊच्या चिठ्ठ्या मात्र मी आज इथंच बसून लिहून दिल्या आणि तांब्यात टाकून फडक्यानं तोंड बांधलं. सगळ्यांवर वर्षाराणी लिहिलं आहे. मागाहून लिहीन म्हटलं असतं, पण उद्याचा काय भरोसा.