तुमच्या वाफ्यातली माती

आबा, वहिनीनं परवा पुन्हा तुमच्या वाफ्यातली वांगी पाठवली. माहेरचा वाणवळा, गोड मानून घ्यावा. पण ती पिशवी दिसली की माझा जळफळाट होतो. शेजारीण म्हणते, "तुमच्या वहिनीचा हात चांगलाय हं." हात कुणाचा, ते मला माहीत आहे.

चिंचोळीच्या कारखान्यातली पाळी करून तुम्ही घरी यायचात आणि चहाच्या आधी परसात शिरायचात. थंडीत वाफा उघडा ठेवायचा नाही म्हणून त्यात बरसीम घास पेरायचात, आणि फुलावर यायच्या आत कापून तिथंच मातीत दाबायचात. मग त्या जागी वांगी. मी खुरपं उचललं की तुम्ही ते काढून घ्यायचात. "तू पुस्तक वाच की. माती कुटं पळून जातीय व्हय?" मी आत जायची. पुढं दादाचं लग्न झालं आणि तेच खुरपं तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात वहिनीच्या हातात दिलंत. मी माहेरी आले तर तुम्ही दोघं वाफ्यात उकिडवे बसलेले, आणि मी दारात पाहुण्यासारखी, चहाचा कप घेऊन. तो राग अजून गेलेला नाही. आता तर भांडायलाही तुम्ही नाहीत.

यंदा शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरामागं, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, मीही बरसीम पेरला. वहिनीला विचारलं नाही. तुमची मुलगी मी आहे. उगवला खरा, पण पिवळा, बोटभर, आणि तिथंच थांबला. शेवटी नाक मुठीत धरून फोन केला. ती हसली नाही, तेही मला झोंबलं.

"वन्सं, नव्या जागंत त्यो धरत न्हाय. जुन्या वाफ्यातली माती मिसळावी लागती. आबांनीबी पयल्यांदा दुसऱ्याच्या रानातनं आणली हुती की."

मला हे कधी सांगितलं नव्हतंत. संध्याकाळी ती स्वतःच पाटीभर माती घेऊन आली, वर ओलं फडकं झाकून. ती मिसळून मी पुन्हा पेरला, आणि आता घास असा हिरवागार आहे की शेजारीण भिंतीवरून वाकून बघते.

काल वहिनीचा फोन आला. "धरला का वो?"

"अजून कुठं," मी म्हणाले. "आणखी एक पाटी लागेल बघ."

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि तिला मी दाखवणार नाही, म्हणून लिहिते. मागच्या आठवड्यातही मी तिला हेच सांगितलं होतं, आणि दुसरी पाटी आली होती. उद्या ती तिसरी पाटी घेऊन येते आहे. माती कुठं पळून जात नाही म्हणायचात ना, आबा? थोडी थोडी माझ्याकडं येते आहे.