जिवंत असो वा मृत

१४ सप्टेंबर

जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले! सांगलीच्या विश्रामबागेतून निघताना बाबांना सांगितलं की नेमणूक जिल्ह्याच्या हद्दीवर आहे, तर निवृत्त सुभेदार लालासाहेब छाती फुगवून म्हणाले, बॉर्डर ती बॉर्डर. आई डब्यावर डबे भरत राहिली.

आटपाडीच्या पुढं ऊस संपला आणि माळ सुरू झाला. इथं म्हसोबाची खिंड. अलीकडं आपला सांगली जिल्हा, पलीकडं साताऱ्याचा माण तालुका. खिंडीच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा बांबू आणि पत्र्याची शेड, हाच माझा नाका. जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाची साथ अलीकडं आहे, पलीकडं अजून पोचलेली नाही. गाय, बैल, वासरू, काहीच खिंडीपार जाऊ द्यायचं नाही. सकाळी वस्त्यांवर लस आणि औषधपाणी, दुपारी नाका.

खोली रंगूबाईंकडं मिळाली. एकट्याच राहतात. दारात चंद्री नावाची खिलार गाय, पहिल्याच भेटीत तिनं माझी ओढणी चघळली. नाक्यावर जोडीला नाथाजी, होमगार्ड. लय बोलतो. आधीचे डॉक्टर घाईनं बदली घेऊन गेले म्हणाला. उन्हाला कंटाळले असतील. मला ऊन सोसतं. रात्री बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. मजा आली.

१६ सप्टेंबर

आज कांद्याच्या गोण्यांआड दोन बैल दडवलेला टेम्पो पकडला. ड्रायव्हरनं कुण्या पुढाऱ्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी शांतपणे आदेश वाचून दाखवला: गोवर्गीय प्राणी, जिवंत असो वा मृत, बाधित क्षेत्राबाहेर नेता येणार नाही. पुढारी खवळला, माझी बदली करतो म्हणाला. करा म्हटलं, पण बैल आजच माघारी जातील. आणि गेले. नाथाजीनं मला चहा पाजला.

१९ सप्टेंबर

भर दुपारी नाथाजी जेवायला गेला होता. एक म्हातारा थोड्या गाई घेऊन बांबूपाशी येऊन उभा राहिला. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, एवढ्या उन्हातही. नाव आकाराम. आवाज मऊ.

"बाई, दांडा उचला. पलीकडं भन हाय माझी. तिच्या हिरीला पानी हाय."

गाईंच्या अंगभर गाठी, बऱ्याच फुटलेल्या. मी जवळ जाऊन एकीच्या मानेवर हात ठेवला. कातडं गार होतं, रांजणासारखं. आणखी एक विचित्र गोष्ट, एवढ्या उघड्या जखमा आणि एकावरही माशी नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हापासून आजवर असं पाहिलेलं नाही.

मी नाही म्हणाले. जनावरं घरी नेऊन वेगळी बांधा, उद्या सकाळी मी येते, असंही सांगितलं. तो गाई हाकत वळला. थोड्याच वेळात नाथाजी त्याच रस्त्यानं परत आला. वाटेत गाई दिसल्या का विचारलं. नाही म्हणाला आणि मग दिवसभर गप्प.

२० सप्टेंबर

आकारामच्या वस्तीवर गेले. गोठा रिकामा. शेजारचे हरिबा, वयस्कर मेंढपाळ, त्यांनी मला झाडाखाली बसवून पाणी दिलं आणि मग सांगितलं.

साथ पहिल्यांदा आकारामच्याच गोठ्यात शिरली. तो गाई घेऊन बहिणीकडं निघाला. नाक्यावर आधीच्या डॉक्टरांनी माघारी पाठवलं. कोरड्या ओढ्यात एकेक गाय बसली ती उठली नाही. त्यांच्याजवळ बसून राहिलेल्या आकारामला ऊन लागलं. गाई चुना टाकून पुरल्या, त्याला अग्नी दिला. मी यायच्या आधीच हे सगळं झालेलं.

मी म्हणाले, माझी कोणी तरी थट्टा केली. हरिबा म्हणाले, "थट्टा आसती तर बरं झालं आसतं, बाई." त्यांनी खड्डा दाखवला. वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या, जागच्या हललेल्या नाहीत.

दुपारी आकाराम पुन्हा नाक्यावर आला. तेच शब्द. नाथाजी शेडमध्ये तोंड भिंतीकडं करून बसला होता. म्हणजे त्यालाही दिसतो.

मी नाही म्हणाले.

२४ सप्टेंबर

चंद्री गेली. लस द्यायच्या आधीच तिच्यात रोग होता. गाठींवर जांभळं औषध लावत चार दिवस तिच्यापाशी बसले. रंगूबाईंनी पुरताना तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

२५ सप्टेंबर

कळपात चंद्री आहे. माझ्या हातचं जांभळं औषध अंगावर, कपाळावर हळदकुंकू. बांबूपाशी येऊन तिनं माझी ओढणी तोंडात घेतली.

इकडं जे जनावर पुरतो ते दुसऱ्या दिवशी आकारामच्या मागं उभं असतं. कळप वाढतोय. अजून बांबूला कोणी धक्का दिलेला नाही. कोणी तरी उचलायला हवा आहे त्यांना.

मी उचलणार नाही.

२८ सप्टेंबर

काल बैठकीला आटपाडीला जावं लागलं. नाथाजी नाक्यावर एकटा. आज रडत कबुली दिली. आकारामचं एक वासरू फारच हंबरत होतं, त्यानं डोळे मिटून बांबू हातभर वर केला, ते खालून निघून गेलं.

संध्याकाळी माणमधले जनावरांचे डॉक्टर वीरधवल यांचा फोन. खिंडीपलीकडच्या पहिल्याच वस्तीवर एका वासराला गाठी आल्या. ते गोठ्याबाहेर कधी पडलेलंसुद्धा नव्हतं.

आता कळलं, मी काय अडवतेय.

वीरधवलना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले की पलीकडं घरोघर लस टोचायला आजच सुरुवात करतो, पण अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात. दिवाळीपर्यंत थोपवता येईल का?

येईल म्हणाले.

१ ऑक्टोबर

नाथाजी येत नाही. आज गाव आला. पुढं हरिबा, मागं रंगूबाई. हरिबांचं म्हणणं, आकारामला आणि त्याच्या गाईंना जाऊ द्यावं. ती गेली की इथली साथ त्यांच्यामागं जाईल.

"कायदा जित्या जनावरास्नी आसतुया, बाई. मेलेल्यास्नी कसला कायदा?"

मी आदेश काढला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. जिवंत असो वा मृत. मग विचारलं, पलीकडच्या दावणीला कोणाचीच चंद्री नाही का? तिच्यावर चुना टाकायला तुम्ही जाणार का?

रंगूबाई आधी वळल्या. काही जण मात्र जाताना बांबूकडं बघत गेले. मी संध्याकाळी त्याला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिंडीतल्या पडक्या विहिरीत टाकली. आता मनात आलं तरी मला उघडता येणार नाही.

४ ऑक्टोबर

आज आकारामलाही आदेश वाचून दाखवला. सगळा, तारखेपासून सहीपर्यंत. त्यानं पटका काढून हातात धरला आणि ऐकलं. मागचा सगळा कळप थांबला.

मग म्हणाला, "माझं काय चुकलं, बाई?"

काही नाही चुकलं, आबा, म्हणाले. तुम्हाला पाणी मिळायला हवं होतं. गाईंना तिथंच औषध मिळायला हवं होतं. नुसतं माघारी पाठवणं हा आमचा गुन्हा. पण दांडा उचलणार नाही.

तो गेल्यावर खूप रडले. तोंड धुऊन परत नाक्यावर बसले.

९ ऑक्टोबर

माझ्या ताटावर माशी बसत नाही. रंगूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी उबेसाठी रॉकेलचा दिवा माझ्याजवळ सरकवला.

थर्मामीटर तोंडात धरला. पारा हलला नाही.

वीरधवल जीप घेऊन येतो म्हणाले, साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेतो. नको म्हटलं. आईबाबांकडंही जाणार नाही. बाधित ते बाहेर जाणार नाही. आदेश मलाही लागू.

१२ ऑक्टोबर

आज एकटी नव्हते. रंगूबाई भाकरी घेऊन आल्या आणि बांबूला टेकून बसल्या. कळप आला तसा त्यांनी चंद्रीला ओळखलं. हाका मारल्या, कपाळ चोळलं, हुंदके दिले. वाटलं, आता बाई साखळी तोडायला दगड घेणार.

पण त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि ओरडल्या, "फीर माघारी! म्या सांगते म्हून फीर, चंद्रे! दुसऱ्यानं लेकरावानी जपल्याली वासरं नगं वढू ह्यात!"

चंद्री वळली. खरंच वळली. चंद्रीमागं आणखी काही.

घरी येताना रंगूबाईंनी माझा हात धरला होता. गार लागला असणार. सोडला नाही.

१७ ऑक्टोबर

रस्ता भरलाय. ओढ्यापर्यंत शिंगंच शिंगं.

बांबू वाकतो. हात कोणी लावत नाही, तरी वाकतो—

आकाराम आता बहिणीचं नाव घेत नाही. फक्त उचला, उचला. आवाज एकाचा नाही. मी ओरडून नाही म्हणाले. घसा बसला. मग मान हलवली. ते चालतं.

२० ऑक्टोबर

रंगूबाईंना येऊ नका म्हटलं. ऐकत नव्हत्या. शपथ घातली.

उभं राहायला त्रास. स्वतःला बांबूला बांधून घेतलं, ओढणीनं. पडले तरी इथंच—

२२ ऑक्टोबर

वीरधवलचा निरोप. पलीकडं नवीन जनावर एकही नाही. ते पहिलं वासरू उठून चारा खातंय. सगळ्या दावणींच्या जनावरांना लस लागू पडली. अलीकडंही आठवडाभर खड्डा खणलेला नाही.

जिंकलो. मोठ्यानं हसले. कळपानं माना वर केल्या.

त्यांनाही कळलं.

२३ ऑक्टोबर

दुपार. बांबूपाशीच लिहितेय. आज ते लवकर आलेत.

पलीकडं बघत नाहीत. माझ्याकडं बघतात. आता त्यांना खिंड नकोय—

बाजूनं आले. दोन्ही बाजूंनी. श्वास नाही कोणाचा, तरी गार—

आकाराम अगदी जवळ. पटका नाही डोक्याला. हात पुढं केलाय. म्हणतो, तूच चल मग, बाई. तुझ्या पायानं तरी आमी जाऊ. सगळी तुझ्या अंगात—

म्हणजे मलाच पलीकडं—

पाय उचलतायत. माझे नाहीत हे—

ओढणीची गाठ पक्की आहे. मी बांधलीय. मीच—

विचारा. शंभरदा विचारा. मी इथनं हलणार ना—