तोंड घराकडे

चिंचवड,
रविवार, ९ मार्च १९५८

प्रिय उद्धव,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझं संक्रांतीचं कार्ड पोचलं. चार ओळी होत्या, त्यातली एक तिळगुळाची. साखर कारखान्याच्या काट्यावर बसतोस, उसाच्या गाड्यांची वजनं लिहून घेतोस, प्रकृती बरी आहे, एवढं समजलं. उत्तराला मी दोन महिने लावले. आज तुझे दाजी आळंदीला गेलेत, घरात कुणी नाही, आणि काय लिहायचं ते मला आता नीट ठाऊक झालं आहे, म्हणून बसले.

आधी इकडचं सांगते. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहताहेत, तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस. मुंबईच्या रस्त्यावर दिवसभर ट्रक असतात आणि माझ्या वाळवणावर दिवसभर धूळ. वजीरभाई डाव्या हातानं लिहायला शिकताहेत. नूरबी नवऱ्याच्या पुढ्यात पाटी ठेवून बसते आणि अक्षर बिघडलं की पुसून टाकते. परवा ते तिला म्हणाले, "मास्तरीणबाई, हातावर पट्टी मारू नका हं, एकच उरलाय." ती हसली, मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. दुरुस्तीच्या शेडमध्ये ते अजून रोज येतात. पान्हा दुसऱ्याच्या हातात असतो आणि बोलणं यांचं. "अरे, नट आहे तो, नवरीची बांगडी नाही, जोर लाव की." काम पूर्वीइतकंच चोख होतं.

आणि तुझ्या दाजींनी ट्रेलर बाहेर काढला.

तीन वर्षं तो शेडमागं चिंचेखाली ताडपत्रीत उभा होता. दाजी त्या बाजूला जातच नसत. देहूरोडच्या लष्करी लिलावातून तो ओढून आणला तो दिवस तुला आठवत असेल. चारी बाजूंनी पत्रा, मागं दोन दारं, खाली दोन चाकं, पुढं लांब लोखंडी दांडा. सगळी आळी त्याला सर्कशीचा पिंजरा म्हणाली होती. दाजींच्या मनात मात्र पहिल्याच दिवशी आलं की यात एक मोटार बसेल, आणि धुळीचा कण न लागता मुंबईला पोचेल. तू ट्रक चालवायचास, वजीरभाई शेजारी बसायचे, मागून तो पिंजरा डुलत न डुलत यायचा. वर्षभरात सतरा मोटारी तुम्ही पोचवल्यात, एकीवरही ओरखडा नाही.

ट्रेलरच्या दाराला आतून एक पुठ्ठा लावला होता. दाजी सांगत होते आणि मी लिहीत होते, कारण घरात अक्षर माझंच बरं. आकड्यात कडी बसली की खीळ घालावी आणि दांडा हातानं उचलून बघावा. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या लावाव्यात, म्हणजे आकडा निसटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. मोटार आत घेतली की बॅटरीची तार काढावी आणि टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवावं, कारण बंद पेटीत वाफ कोंडते. चौथा नियम, मोटारीचं तोंड ट्रकच्या बाजूला. मग दोऱ्या आसाला बांधाव्यात, बंपरला नाही. पहिल्या दहा मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत. महिन्याला बेअरिंग उघडून ग्रीस भरावं. उतारावर मागची गाडी वळवळायला लागली तर एकदम ब्रेक मारू नये. प्रत्येक नियमाला दाजी कारण सांगत आणि तेही मी कंसात लिही. चौथ्याच्या वेळी दारात कुणी गिऱ्हाईक आलं, ते उठून गेले, आणि कारण राहिलं. मी नुसता नियम लिहिला. सुवाच्य, शाईनं.

माघातल्या त्या शुक्रवारी दाजी मुंबईला होते, मोटार घेणाऱ्यांकडे. वजीरभाई नमाजाला गेले होते. कौशल्याबाईंची मोटार न्यायची होती. त्यांच्या डॉक्टरांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पंचक्रोशीतल्या किती बायकांच्या अडल्या बाळंतपणाला ती काळी मोटार धावली होती, तुझ्या भाचीच्या वेळी माझ्याही. तेल गळायचं तिचं, म्हणून कौशल्याबाईंनी दारात तिच्या पोटाखाली कायम एक परात ठेवलेली असे. त्या दिवशी त्या स्वतः पोचवायला आल्या, हातात दह्याची वाटी आणि कुंकवाची कुयरी. स्वतः कुंकू लावायचं नाही, म्हणून कुयरी माझ्या हातात दिली. तू फळ्या लावून मोटार आत घेणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इंद्रायणी, अशी पाठ करून जाणार ही? डॉक्टरसुद्धा फाटकातून वळून बघायचे. दार लागेपर्यंत तिचं तोंड तरी दिसू दे मला."

आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. निघालेल्या माणसानं एकदा घराकडे तोंड करावं असं मी आपल्या आईकडून शिकले. मला त्यांचं म्हणणं अगदी साधं वाटलं. मी तुला म्हटलं, मोटार उलटी चढव. तू म्हणालास, "अक्का, दाजी सोलतील मला. तोंड पुढंच लागतं." मी म्हटलं, "दाजी मुंबईत आहेत. आणि वजन तेवढंच राहतं ना? मग तोंड कुठं का असेना." तू माझ्याकडे बघून हसलास. मग मागे बघत, एका दमात, दोन फळ्यांवरून ती मोटार तू उलटी आत नेलीस आणि चाकं नेहमीच्या ठोकळ्यांना बरोबर टेकवलीस. मी कुंकू लावलं. दोन दिव्यांचं ते तोंड आतून आमच्याकडे बघत होतं. तू दारं लावलीस तेव्हा कौशल्याबाई मोटारीला म्हणाल्या, "या हं."

वजीरभाई आले तेव्हा कुलूप लागलं होतं. त्यांनी विचारलं, "खीळ?" तू म्हणालास, "घातली." "साखळ्या?" "फुली." "दोऱ्या?" "आसाला." कुठल्या बाजूला तोंड, हे त्यांनी विचारलं नाही. ते कुणी विचारतच नसे.

घाटात काय झालं ते तुला मी काय सांगावं. मला माहीत आहे ते एवढंच, की खंडाळ्याच्या पुढं उतारावर ट्रेलर वळवळायला लागला, आकडा उसळून सुटला, दांडा साखळ्यांत पडला, आणि तू ट्रक डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवलास. वजीरभाई चाकाला पाचर लावायला खाली उतरले आणि ट्रेलर वीतभर सरकला. त्या वितीत त्यांचा उजवा हात होता. दाजी पोचेपर्यंत रस्त्यावर काम करणाऱ्या मैलकुल्यांनी मोटार दोर लावून बाहेर काढली होती, ती झाडाखाली उभी होती. ती आत कशी उभी होती हे पाहणारं आपलं कुणीच नव्हतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दाजींनी तुला विचारलं तेव्हा मी तिथंच होते. तू म्हणालास, "माझं चुकलं, दाजी. उतारावर गाडी हातात राहिली नाही." मग एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी पदर सारखा केला. दाजी चार माणसांसमोर म्हणाले, "पळवली असणार. तरुण रक्त." त्या वेळी मला खरंच ठाऊक नव्हतं की उलट्या मोटारीचा आणि घाटाचा काही संबंध आहे. पण तेवढ्यानं मी सुटत नाही. संबंध नसता तर ती गोष्ट मी सहज सांगितली असती. मी सांगितली नाही, कारण दाजी रागावतील अशी भीती वाटली. इतकं लहान कारण होतं. आठव्या दिवशी तू ट्रंक उचललीस आणि दारात म्हणालास, "जातो, अक्का." मला ऐकू आलं होतं. मी सुधारलं नाही.

गेल्या महिन्यात भोसरीची गोजाबाई कडब्याची गाडी घेऊन आली. नवरा आजारी, म्हणून स्वतःच हाकते. आपल्या फाटकाच्या चढावर तिच्या पेंढ्या मागं सरकल्या. गाडी मागं बसली, जू वर उचललं, बैलांच्या गळ्याचे पट्टे ताणले गेले, आणि ते पाय झाडायला लागले. गोजाबाई ओरडली, "आवं बघताय काय, उलाळ झालीया गाडी! म्होरल्या अंगाला वजं घ्या!" आम्ही दोघींनी पेंढ्या पुढं ओढल्या तसं जू खाली आलं, बैल शांत झाले. मी तिला विचारलं, की वजन तर तेवढंच होतं ना? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "वजं त्येवढंच असतंय, अक्का. पर त्ये बसतंय कुटं, ह्यावर समदं हाय. मागं गेलं की म्होरलं उचलतंय, मंग त्या गाडीला धनी न्हाई." मी तिला पाणी दिलं. तू रोज शेकडो उसाच्या गाड्या बघतोस. तुला हे कधीचंच उमगलं असणार.

मग दहा दिवसांनी पिंपरीच्या एका नव्या कारखान्याकडून मोटारी न्यायची विचारणा आली आणि दाजींनी ताडपत्री काढली. टायर वाळून गेले होते, बेअरिंग गंजलं होतं, तळाच्या फळ्यांना वाळवी होती. फळ्या काढण्याआधी वजीरभाई आत शिरले, आणि दाराशी उकिडवे बसले ते उठेनात. मागच्या फळीवर तेलाचा डाग होता, ताटाएवढा, काळा. इंजिनचं तेल. पुढच्या फळ्या कोऱ्या. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "दौलतराव, मोटार उलटी होती. इंजिन मागं. म्हणून आकडा उचलला." दाजी खाली बसले. मग वजीरभाईंनी मला विचारलं, अगदी हळू, "भाभी, मी मशिदीत होतो. चढवताना इथं कोण होतं?"

मी म्हटलं, "उद्धव होता."

खोटं नव्हतं ते. दाजी म्हणाले, "म्हणजे पळवली नव्हती, नियमच मोडला होता पोरानं. पुठ्ठ्यावर लिहिलेला." आणि मी चहा टाकायला आत गेले. चुलीसमोर बसून मला कळलं, की तीन वर्षं तुझ्यावर नुसता संशय होता, आता मी पुरावा दिला. तुला एका शब्दानं सुटता आलं असतं, 'अक्का म्हणाली म्हणून'. इस्पितळात तो शब्द तू गिळलास आणि माझ्याकडे बघितलंस ते विचारायला नाही, मी घाबरू नये म्हणून. हे समजायला मला इतका काळ लागला. मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, तुला कडेवर घेऊन वाढवलेली.

सोमवार.

वरचं सगळं मी काल लिहिलं आणि आज सकाळी शेडमधल्या बाकावर दोघांना वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता. आधी तोंडी सांगायचं ठरवलं होतं, पण मी तोंडी सांगताना गोष्टी गाळते, हे आता मला माहीत आहे. वाचून झालं. मग दाजी उठले, दाराचा जुना पुठ्ठा काढून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "चौथ्याचं कारण राहिलं होतं माझ्याकडून. लिही." मी लिहिलं. शाईचा रंग वेगळा दिसतो, दिसू दे. वजीरभाई म्हणाले, "तीन वर्षं त्या पोराला दिलेल्या शिव्या आता कुठं ठेवू, भाभी?" आणि पत्राखाली लिहायला जागा मागून घेतली. संध्याकाळी कौशल्याबाईंकडे जाणार आहे, त्यांना दोष द्यायला नाही, पण त्यांनाही माहीत असावं. पाडव्यानंतर ट्रेलरची पहिली खेप आहे. ट्रकवर कोण, हे दाजींनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि विचारायला आलेल्या दोघांना परत पाठवलं. तू ये, असं म्हणायचा हक्क मी घालवला आहे, म्हणून म्हणत नाही. तुझं नाव ज्या लोकांत गेलं त्याच लोकांत ते मी परत ठेवलं, एवढं तुला कळावं, यासाठी हे पत्र. खालची अक्षरं वजीरभाईंची असतील, डाव्या हाताची. मला ते ती वाचू देणार नाहीत, पाकीटही तेच चिकटवणार आहेत.

तुझीच,
अक्का

उद्धव, साखळी फुली तू लावली म्हणून मी जिता आहे. हे तीन साल कुणाला बोललो नाही, रागात होतो. ट्रकची चावी माझ्याकडे आहे, दुसऱ्याला देत नाही. ये.
वजीर