तिसऱ्या शिळेवरची अकरावी ओळ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा दगडावर अक्षरे कोरण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझे हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतात. डोके थरथरत नाही, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण नाही, हे वकीलसाहेबांच्या आग्रहाखातर लिहिले. एकतीस वर्षे जे दडपण वागवले ते उतरावे म्हणूनच तर हा खटाटोप. यात आलेल्या मंडळींची पूर्ण नावे, वये आणि पत्ते वेगळ्या कागदावर दिले आहेत. जन्मभर लोकांची नावे कोरून बोटे झिजली, इथे पुन्हा तेच नको.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. "माझा एकुलता भाऊ सभागृहाच्या आगीत वारला" असे त्यात लिहिले होते. ते खोटे आहे.

कलम १. घर. रस्त्याकडची पुढची खोली, जिथे मी काम करतो, तिच्यामागचे स्वयंपाकघर, वरची खोली आणि अंगणापलीकडची मागची खोली, ही सर्व माझी स्वकष्टार्जित मिळकत असून माझ्या पश्चात ती माझ्या मुलीला मिळावी. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. अट एकच. मागच्या खोलीच्या खिडकीला आतून ठोकलेल्या फळ्या तिने काढाव्यात. त्या मी ठोकल्या तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि खिळे एकेक करून तिनेच माझ्या हातात दिले होते. त्यानंतर तिने कधी मैत्रिणीला घरी आणले नाही. आम्ही आणू दिले नाही, असे लिहिणे जास्त खरे. अठराव्या वर्षी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा दारात थांबून तिने विचारले, "बाबा, तुम्ही फक्त काकालाच लपवलंत, की आम्हाला सगळ्यांनाच?" मी म्हणालो, गाडी चुकेल. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

कलम २. हत्यारे. छिन्न्या, हातोड्या, पट्ट्या, गुण्या आणि न वापरलेले दगड शहरातल्या तंत्रशाळेला द्यावेत. दगड घासायचे यंत्र माझ्या मेहुण्याकडे आहे. ते त्याने चार दिवसांसाठी नेले, त्याला नऊ वर्षे झाली. ते मी त्यालाच देऊन टाकतो, म्हणजे निदान चोराचा नातेवाईक म्हणून मरायला नको. बायको असती तर तिने हे कलम लिहू दिले नसते. तिला तिच्या भावाचे फार होते, आणि मला माझ्या.

कलम ३. माझ्या धाकट्या भावाला मी काहीही ठेवत नाही. घरात हिस्सा नाही, हत्यार नाही, माझा जुना कोटसुद्धा नाही. वाचणाऱ्याला हा दुष्टपणा वाटेल. वकीलसाहेबांनी हे वाक्य दोनदा वाचून माझ्याकडे पाहिले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांपूर्वीच गेला. साऱ्या देशाची हीच समजूत आहे. तो जिवंत आहे. मी हे लिहीत असताना तो मागच्या खोलीत बसून कागदावर अक्षरे काढतो आहे. त्याला काही का देत नाही, ते कलम सातमध्ये येईल.

कलम ४. हकिकत. मृत्युपत्रात हकिकत लागत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. त्यांना लागत नसेल.

मोठ्या सभागृहाची आग कोणाला नव्याने सांगायला नको. देशभरातल्या शाळांची गाण्याची स्पर्धा होती, रेडिओवरून थेट. लोकांनी आपापल्या घरात बसून दुसरे गाणे मध्येच तुटलेले ऐकले. दोनशे चौदा माणसे गेली. त्यांत मुले किती, हे मी मोजून सांगत नाही; त्यांची नावे वयासकट मीच कोरली आहेत.

धाकटा तिथे पश्चिम दारावर दारवान होता. तिकीट नसलेले लोक त्या दाराने घुसतात म्हणून व्यवस्थापकाने दाराला कुलूप घालायला सांगितले. धाकट्याने एका माणसाला शेवटचा म्हणून आत सोडले, त्याची मुलगी गाणार होती. मग स्वतःचा गणवेशाचा कोट आतल्या खुंटीवर टांगला, बाहेरून कुलूप घातले आणि तो समोर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. एका बुटाचा तळ निघाला होता. दहा मिनिटांचे काम. तेवढ्यात धूर दिसला. धाकटा रस्त्याच्या अलीकडे उभा राहिला, एका पायात बूट, मुठीत किल्ली. पाय हलले नाहीत, असे तो सांगतो. दारावर आतून धडका बसत होत्या. त्या त्याने ऐकल्या, आणि थांबल्या तेही ऐकले.

पुढे दार, कुलूप, चौकट सगळे छपराखाली गेले. दाराच्या जागी एक देह सापडला, अंगावर दारवानाचा कोट. शेवटपर्यंत दार न सोडलेला दारवान म्हणून देशाने त्याला डोक्यावर घेतले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी धाकटा मागच्या अंगणातून घरात आला, तेव्हा सरकारी माणसे नुकतीच पुढच्या खोलीतून गेली होती. आईच्या हातात पदक होते. तिने त्याच्याकडे पाहिले, पदकाकडे पाहिले आणि मागचे दार लावून घेतले. "आत जा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस." आई त्यानंतर अकरा वर्षे जगली. तिने सांगितलेच नाही.

आता माझ्याविषयी. मी सांगू शकलो असतो. लोक त्याला रस्त्यात ठेचतील ही भीती खरी होती, पण ती अर्धी. उरलेले अर्धे असे, की हुतात्म्याचा भाऊ म्हणून मला मान मिळू लागला आणि स्मारकाचे कामही मिळाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मी स्वतःला बजावत राहिलो. पहिल्या वर्षी सांगणे अवघड होते, दहाव्या वर्षी अशक्य झाले. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशा अवस्थेत आम्ही दोघे भाऊ म्हातारे झालो. तो खोलीत अडकला आणि मी त्याच्या दारावर. त्याला ताप आला की औषध माझ्या नावावर आणायचे, तो खोकला की मी पुढे बसून मोठ्याने खोकायचे. एकदा सगळे घर लग्नाला गेले, तेव्हा मी पोट बिघडल्याचे सांगून घरी राहिलो. माझे पोट बिघडल्याची ख्याती नातेवाइकांत अजून आहे.

आमच्या मागे शाळा आहे. चौथीच्या पुस्तकात धाकट्यावर धडा आहे आणि मुले तो दरवर्षी मोठ्याने वाचतात. फळ्यांच्या फटीतून शब्दन् शब्द ऐकू येतो. एकदा त्याने मला विचारले, "दादा, इतका शूर मी कधी झालो रे?" धडा लिहिणाऱ्याला मी माफ केलेले नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसला तरी.

कलम ५. अक्षर. माझ्या अक्षराची लोक तारीफ करतात. ते अक्षर माझे नाही. गेली एकतीस वर्षे प्रत्येक पाटीचा नमुना मागच्या खोलीत कागदावर निघाला आणि मी तो दगडात उतरवला. हे श्रेय आज ज्याचे त्याला परत करतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवरा-बायकोची एकच शिळा करताना, मागे राहिलेल्याचेही नाव कोरून ठेवतात, पण त्यात काळा रंग भरत नाहीत. रंग तो माणूस गेल्यावरच. स्मारकाच्या तिसऱ्या शिळेवर अकराव्या ओळीत धाकट्याचे नाव मी कोरले खरे, पण रंग भरायला हात उचलेना. जिवंत माणसाला रंग भरला तर मीच त्याला मारल्यासारखे होईल, असे वाटले. म्हणून काजळी पाण्यात कालवून भरली. ती प्रत्येक पावसाळ्यात वाहून जाते, आणि दरवर्षी स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी मी शिडी लावून ती पुन्हा भरतो. स्मारक समितीच्या चिटणीसांनी "त्या जागी दगड रंग धरत नाही" असे अहवालात लिहून टाकले. चिटणीसांना दगडातले काही कळत नाही, हे त्यांना माझ्या पश्चात कोणीतरी सांगावे.

कलम ६. शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यायचा दगड. पश्चिम दाराने शेवटचा आत सोडलेला माणूस यांचा नवरा. मुलगी रंगमंचामागच्या दाराने वाचली, बाप सापडला नाही. तिकीट नाही, देह नाही, म्हणून समितीने त्याचे नाव घेतले नाही. संधी साधून संसार सोडून पळाला असेल, असे लोक म्हणाले आणि अजून म्हणतात. बाई दरवर्षी अर्ज करतात आणि दरवर्षी तो परत येतो. ज्याने दार सोडले तो हुतात्मा, आणि जो दारात मेला तो पळपुटा, असा हा हिशेब माझ्या घरातून चालला. धुरात तोंड-अंग झाकायला म्हणा, त्याने खुंटीवरचा तो कोट अंगावर घेतला असणार. धाकट्याला आणि मला हे पहिल्यापासून कळत होते.

या वर्षी हात आणि गुडघे दोन्ही गेले, शिडी चढता आली नाही. स्मृतिदिनाला अकरावी ओळ कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या पुढच्या खोलीत आल्या. त्यांच्या सासू-सासऱ्यांची शिळा मीच केलेली. सासूच्या नावात रंग मी त्यांच्यासमोर भरला होता.

"तिसऱ्या शिळेवर एक नाव रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचं त्या असताना ठेवलं होतंत, तसंच."

मी दगडाची सबब सांगितली.

"दगड एकच आहे. वरच्या ओळीत रंग आहे, खालच्या ओळीत आहे." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "मला कोणाला शिक्षा नको. माझा माणूस पळून गेला नाही, एवढं कोणीतरी बोला."

मी छिन्नी पुसू लागलो. त्या गेल्या. संध्याकाळी मी जेवण घेऊन मागे गेलो, तर धाकट्याने ताटाला हात लावला नाही. अंगण ओलांडून, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उभे राहून त्याने सगळे ऐकले होते. त्याने विचारले, "त्यांच्या माणसाचं नाव किती अक्षरांचं आहे?"

मी सांगितले.

"माझ्या ओळीत बसेल," तो म्हणाला आणि कागद पुढे ओढला.

त्या नमुन्यावरून मी एकोणीस दिवस कोरत होतो. एरवी हे दीड दिवसाचे काम. ओळीच्या मापाची ही दगडाची पट्टी पुढच्या खोलीत फडक्याखाली आहे आणि तिच्यात पक्का काळा रंग भरला आहे. शेवटच्या अक्षराचा काना थोडा वाकडा गेला, तो तसाच राहू द्यावा. ही पट्टी बाईंच्या मालकीची. तिसऱ्या शिळेवरची अकरावी ओळ कापून काढून तिथे ती बसवावी. आकडा दोनशे चौदाच राहतो, म्हणजे चिटणीसांना भाषण बदलायला नको.

कलम ७. साक्षीदार. पट्टी बसवायची तर आधी ओळ रिकामी झाली पाहिजे, आणि दारवान जिवंत असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज समिती दगडाला हात लावणार नाही. वकीलसाहेब सांगतात, की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला त्यातून काही मिळते त्याच्या साक्षीवर लोक बोट ठेवतात, म्हणून साक्षीदार कोरा असावा. पुढे मृत्युपत्र शाबीत करायचे झाले, तर त्याला कोर्टात उभे राहून स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे लागते. पहिले साक्षीदार डॉक्टर शहाऐंशी वर्षांचे आहेत, आणि माझ्यानंतर फार टिकण्याचा आपला विचार नाही असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्यालाच जावे लागणार. धाकट्याला मी काही का ठेवले नाही, ते आता कळले असेल.

मी त्याला सक्ती केली नाही. सही केली नाहीस तर हा कागद रद्द होईल, घर कायद्याने मुलीलाच जाईल, तुझे काही बिघडणार नाही, फक्त ती पट्टी फडक्याखाली राहील आणि बाई पळपुट्याची बायको म्हणून मरतील, एवढे सांगितले. चार दिवस तो कागदावर अक्षरे काढत राहिला. लोक काय करतील, असे त्याने एकदा विचारले. मला माहीत नाही, असे मी म्हणालो. मला अजूनही माहीत नाही, आणि ते पाहायला मी नसेन याची भीती वाटते. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे बूट नाहीत."

खरेच नव्हते. एक बूट त्या दिवशी दुरुस्तीला राहिला तो राहिलाच. एकतीस वर्षांत त्याच्यासाठी नवे बूट घ्यावेत हे माझ्या, आईच्या, बायकोच्या, कोणाच्याच डोक्यात आले नाही.

मी मुलीला फोन केला. ती आज सकाळच्या गाडीने बूट घेऊन आली. ते तिने दिले आहेत, मी नाही, म्हणून साक्षीला बाध येत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. ते बरोबर आहे. खाली थरथरत्या हाताने केलेली सही माझीच आहे.

(सही)
अक्षरे कोरणारा

ठिकाण: पुढची खोली, रस्त्याकडचे दार उघडे ठेवून
दिनांक: आगीच्या एकतिसाव्या स्मृतिदिनानंतरचा सव्विसावा दिवस

साक्षीदार १: मृत्युपत्र करणारे शुद्धीत आहेत आणि नेहमीइतकेच हट्टी आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) डॉक्टर, वय ८६

साक्षीदार २: दादाने माझ्यासमोर सही केली. मी इथे हजर होतो. त्या दिवशीही हजर होतो, रस्त्याच्या अलीकडे. आत सोडलेला शेवटचा माणूस पळाला नाही. त्याला पळता येणार नव्हते, कुलूप मी घातले होते. किल्ली सोबत जोडली आहे.
(सही) दारवान, पश्चिम दार, वय ५९