दर सोमवारी रुंद होणारं घुबड

सोमवार, २७ ऑक्टोबर, दुपार

ती. आर्डिसताईस,

व्हर्लिनचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढायचे नाहीत हे डॉक्टरांचं सांगणं पाळतेस ना? (पाळत नाहीस. काल चर्चच्या तळघरातून कॉफीचं मोठं भांडं तूच वर आणलंस, मी पाहिलं.) कोंबड्या अंडी देतायत ना? आमच्याकडे मार्लिस आणि कर्स्टन, मायलेकी दोघी ठीक. मी ठीक नाही. आमच्या घरात कोणीतरी घातपात करतंय.

मुळापासून सांगतो. गेल्या हॅलोविनला पोरं सोंगं घेऊन दारोदार निघाली, तेव्हा मी कर्स्टनसाठी कोल्हा शिवला होता, आठवतो? शेपटीला बाकसुद्धा होता. ऐन वेळी मार्लिसने पोरीला वरून निळा कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि माझा कोल्हा कोटाच्या आतून गल्लीभर फिरून आला. शेजारचा ड्वेन स्कॉगस्टॅड दारात उभा राहून पोरांना गोळ्या वाटत होता. म्हणाला, "काय व्हर्लिन, यंदा पोरगी निळा कोट झालीय वाटतं? हुबेहूब जमलाय हो!" ताई, वर्षभर ते वाक्य माझ्या कानात आहे. कर्स्टन आता आठची झाली. अजून दोन-तीन वर्षं, मग ती दुकानातला प्लॅस्टिकचा मुखवटा लावून मैत्रिणींबरोबर निघून जाईल. त्याआधी एकदा तरी माझं काम अख्ख्या गल्लीला दिसावं, एवढंच माझं मागणं.

म्हणून यंदा घुबड. जुनी चादर, आपल्या बाबांचे फ्लॅनेलचे तीन विरलेले शर्ट आणि बैठकीच्या खोलीतला काढून टाकलेला तपकिरी पडदा. विकत आणला तो फक्त दोरा. दोनशे बारा पिसं कातरली आणि खालून वर शिवत गेलो. (लोक वरून खाली लावतात, मग प्रत्येक ओळीची टीप उघडी दिसते. हे मला कोणी शिकवलेलं नाही, गोठ्याचं छप्पर घालताना माझं मला सुचलं.) आतून दुहेरी अस्तर, म्हणजे कोटाचं नावच नको. माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत नेमकं.

आणि ते घुबड रुंद होतंय! पहिल्यांदा सहा तारखेला, सोमवारी. छातीत दोन इंच जास्त. मला वाटलं मापाची पट्टीच ताणली गेलीय. ती लोखंडी फुटपट्टीला लावून ताडून पाहिली, निर्दोष निघाली. मी दोन्ही बाजू आत घेतल्या. तेराला पुन्हा सैल, या वेळी काखासुद्धा. वीसला तेच. मग मी घुबड कपाटात ठेवून कपाटाच्या मुठीला दोरा बांधला. आज सकाळी दोरा जागच्या जागी, गाठ मात्र उलट बाजूने मारलेली, आणि घुबडाच्या पोटात उशी मावेल इतकी जागा!

पहिला संशय ड्वेनवर. परवा कुंपणापाशी त्याने विचारलं, "घुबड कुठवर आलं?" मी त्याला घुबड म्हणून सांगितलंच नव्हतं. (कर्स्टनने सगळ्या वर्गाला सांगितलंय असं मागाहून कळलं, पण म्हणून तो सुटत नाही.) सुटला तो एवढ्याचसाठी की त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याच्या कोटाची बटणं तारेने बसवलेली आहेत. मग मार्लिस. तिला सरळ विचारलं, तर बटाटे सोलता सोलता मान वर न करता म्हणाली, "पोरगी वाळली असेल." कर्स्टनकडे पाहिलं, तर तीही म्हणते, "हो बाबा, मी वाळलेय," आणि हातात दुसरा डोनट.

तेव्हा आज मी कायमचा बंदोबस्त केला. घुबड मापाला आणलं आणि शिवणीच्या आतला जादा कपडा कापूनच टाकला. आता कोणाला उसवायला काही उरलंच नाही.

तुझा भाऊ,
व्हर्लिन

ता. क. कापलेल्या पट्ट्या केरात टाकण्याआधी निरखून पाहिल्या. तुझ्या-माझ्यात राहू दे, पण त्यावरचे टाके डावीकडे झुकलेले आहेत. आपल्या घरात डावखुरं कोण, हे मी सांगायला हवं? आणि दर रविवारी आमच्याकडे कॉफी झाली की तू आणि मार्लिस मागच्या खोलीत गोधडी बघायला जाता. त्या खोलीत गोधडी नाही, ताई. ती मी ऑगस्टमध्येच माळ्यावर टाकली.

ता. क. दुसरा. तीन वाजता बर्फ पडायला लागला. रेडिओवाला म्हणतो, शुक्रवारपर्यंत थांबत नाही. कर्स्टन शाळेतून आल्यावर तिच्या कोटावरून घुबड चढवून पाहिलं. (नुसतं पाहिलं.) डोकं गेलं, दोन्ही हात वरच अडकले. पोरगी आतून म्हणाली, "बाबा, आत्याचं माप बरोबर होतं."

ता. क. तिसरा. पोरं शुक्रवारी पाचला निघतात. तू बुधवारी ये, शिवणयंत्र आण, तपकिरी कपडा असेल तेवढा आण. पिसं मात्र खालून वर, त्यात बदल नको. (फोन केला असता, पण मार्लिस ऐकेल.) मागच्या दाराने ये, ड्वेन पुढच्या खिडकीत बसलेला असतो. मार्लिसने विचारलं तर गोधडी बघायला आले म्हणून सांग. मी ती आत्ताच माळ्यावरून खाली आणून ठेवलीय.