आठवण काढा

२ जुलै
आज शाळेत नाव घातलं. हे जाऊन दोन वर्षं झाली. घरात बसून मी आणि भिंती एकमेकींना कंटाळलो होतो. मोठ्या माणसांसाठीची दुपारची शाळा आहे. भाषा, शिवण किंवा नाटक, यांतलं एक निवडायचं. वाचायला मी माझी मीच शिकले, ह्यांनी आणलेल्या किराण्याच्या पुड्या उलगडून. म्हणून भाषा नको म्हटलं, नाटक घेतलं. मुलगी फोनवर हसत सुटली. म्हणाली, आई, अगं घरात काय कमी नाटकं केलीस!
वर्ग लांबट आहे. एका टोकाला फळ्यांचा मंच, त्याला जाडजूड तपकिरी पडदा. आम्ही आठ जण. बऱ्याच दिवसांनी पोटभर बोलले.

९ जुलै
सर बारीक अंगाचे, आवाज मऊ. त्यांनी मला विधवेचं काम दिलं. मी म्हटलं, ह्याची तालीम घरीच झालीय. सर म्हणाले, नाटकी रडायचं नाही, आठवण काढायची.
मी काढली. दवाखान्यात मी ह्यांची दाढी करत होते, साबणाचा फेस कानात गेला आणि त्या तसल्या दुखण्यातही हे लहान मुलासारखे हसले. सांगता सांगता हे अगदी समोर उभे राहिले, कानातल्या फेसासकट. सर म्हणाले, छान, निघाली. गोष्ट छान निघाली, असं म्हणत असावेत.

१६ जुलै
आठवडाभर शांत झोप लागली. ओली गोधडी एकटीने पिळत बसावं तशी दोन वर्षं गेली होती. हात आता मोकळे वाटतात.
मागचं पान वाचलं. कानात फेस गेला, असं लिहिलंय. अक्षर माझंच. पण ह्यांची दाढी मी कधी केली? मुलीला विचारलं. ती म्हणाली, अगं, बाबांची ही गोष्ट तू येईल त्याला सांगतेस. म्हटलं, वय झालं, दुसरं काय.

२३ जुलै
आज लग्नानंतरचा पहिला पाऊस काढला. टाळ्या पडल्या. घरी येऊन आठवून बघते तर पावसाच्या जागी नुसती छत्री. कुणाची, तेही आठवेना.
वर्गात एक शिंपीणबाई आहे, तीन वर्षं झाली तिला इथे येऊन. म्हणाल तेव्हा डोळ्यांत पाणी. मी विचारलं, तू कुणासाठी रडतेस गं? ती हसून म्हणाली, कुणास ठाऊक बाई, पण कुणीतरी फार जवळचं असणार बघ.

३० जुलै
तीन दिवसांपूर्वी सरांना सांगितलं, मी शाळा सोडते. ते रागावले नाहीत. म्हणाले, जड होतं ना? हलकं झालं ना? मला खोटं बोलता आलं नाही. फार दमले होते मी.
दोन दिवस घरी बसले. आज पाय आपोआप तिकडे वळले. आठवण काढते तेवढा वेळ तरी हे समोर असतात. घरी तर तेवढेही नसतात.

६ ऑगस्ट
ते काय काम करायचे, ते मुलीला विचारावं लागलं. ती फोनवर रडायला लागली. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही.
मी त्यांना 'हे' म्हणायचे ना? आज 'ते' लिहिलं गेलं. खोडत नाही — दिसू दे.

१० ऑगस्ट
फोटोतला गृहस्थ चेहऱ्याने चांगला वाटतो. हार कोण बदलतं? मीच बहुतेक —

१३ ऑगस्ट
आज प्रयोग. विंगेत बसून लिहिते आहे. दुसरी घंटा झाली.
मुलगी आलीय, पहिल्या रांगेत. सर समोरच्या विंगेतून खुणेने सांगतायत, काढा, काढा.
एकच उरलीय. तिच्यात मुलगीही आहे. ती नाही काढणार. पार हसं झालं तरी चालेल. पण मंचावर तोंडून निसटली तर — म्हणून आधी इथे लिहून काढते. कागदावर तरी राहील.
मुलगी झाली, त्या सकाळी ते धावत आले. चपला दोन वेगवेगळ्या. तिला उचलायला घाबरले. मी म्हटलं, घ्या हो, तुमचीच आहे. तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि — कुणी —
कुणाच्या तरी चपला —
तिसरी घंटा. पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेतली एक बाई मला हात करतेय. रडतेय बिचारी. तिचं कोण —